शिंप्याचं गाणं महालापर्यंत कसं पोहोचतं

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: “जुने बोलपट पाहायला लागले आहे. रूबेन मामुलियन यांच्या १९३२ च्या ‘लव्ह मी टुनाइट’चं खूप नाव ऐकलं म्हणून लावला, पण पंधरा मिनिटांत बंद केला. सगळे लाडेलाडे बोलतात, नायिका गायला लागली की आवाज कानात घुसतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि गोष्ट म्हणाल तर राजकन्या आणि शिंपी. आज हा चित्रपट आवडीने पाहता येतो का, की फक्त अभ्यासापुरता?”

ताई, आवडीने पाहता येतो. मी सत्तावीस वर्षं चित्रपटांच्या आवाजाचं काम केलं, लोकेशनवर बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरण्यापासून मिक्सिंगच्या टेबलापर्यंत. रसास्वाद शिबिरात नवी मुलं आली की मी सगळ्यात आधी हाच चित्रपट लावतो. गाण्याने चित्रपटात शिरायचं कसं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला होता. मामुलियनने त्याचं जे उत्तर दिलं ते मला आजही ताजं वाटतं. त्याने आधी गाण्याचा ठेका धरला आणि चित्राला त्याच्या मागून चालायला लावलं. हे मनात ठेवून पाहिलंत तर तुम्हाला खटकलेल्या निम्म्या गोष्टी आपोआप जागेवर बसतील. उरलेल्या निम्म्यांबद्दलही सांगतो, कारण त्यातल्या काही खरोखरच खटकायला हव्यात.

गोष्ट थोडक्यात अशी. पॅरिसमध्ये मोरीस नावाचा शिंपी आहे. एका उधळ्या सरदारपुत्राने त्याच्याकडून ढीगभर सूट शिवून घेतले आणि एक पैसा दिला नाही. मोरीस वसुलीसाठी त्याच्या काकांच्या गढीवर जाऊन धडकतो. पुतण्याची तंतरते, आणि तो शिंप्याची ओळख ‘बॅरन’ म्हणून करून देतो. गढीत एक तरुण विधवा राजकन्या आहे. तिच्या तोलामोलाची स्थळं अख्ख्या फ्रान्समध्ये दोनच उरलीत, एक अगदी म्हातारा आणि दुसरा शाळकरी पोरगा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गोष्टीत रहस्य काही नाही, आपल्या संगीत नाटकातही ते नसायचं. शेवट माहीत असलेलं नाटक लोक पंचवीस वेळा पाहायला जात, कारण त्यांना पद ऐकायचं असे.

आता त्या काळाबद्दल दोन शब्द, म्हणजे ह्या चित्रपटाने काय साधलं ते कळेल. बोलपट आला तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी चित्रपटाचे हातपाय बांधून टाकले. कॅमेऱ्याचा खडखडाट माइकमध्ये येतो म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन, दोघांनाही एका बंद खोक्यात कोंडलं. माइक एका जागी टांगलेला, नट त्याच्याखाली घोळका करून उभे. गाणं असेल तर वादक तिथेच फ्रेमच्या बाहेर बसलेले, आणि गाणं व वादन एकाच वेळी मुद्रित. आपल्याकडेही पहिल्या काही वर्षांत हीच तऱ्हा होती. १९२९ आणि १९३० मध्ये हॉलिवूडने संगीतपटांचा इतका भडिमार केला की लोकांना त्यांचा वीट आला. बहुतेक चित्रपटांत नाटकाच्या रंगमंचासमोर कॅमेरा ठेवलेला आणि गाणं संपेपर्यंत सगळं जागच्या जागी थांबलेलं. ‘लव्ह मी टुनाइट’ ह्या ओहोटीच्या काळात आला.

मामुलियन तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, जन्मलेला आर्मेनियन माणूस. घडला रंगभूमीवर, पण कान असा की ध्वनिमुद्रकाला हेवा वाटावा. १९२९ मध्ये त्याने ‘अप्लॉज’ नावाचा पहिला चित्रपट केला. त्यात एका प्रसंगात आई मुलीसाठी अंगाई गाते आणि त्याच वेळी मुलगी पुटपुटत प्रार्थना करते. मामुलियनला दोन्ही ऐकू यायला हवं होतं. आवाजवाले म्हणाले, होणार नाही, माइक एकच असतो. तो म्हणाला, मग दोन लावा, दोन वेगळ्या फिल्मवर घ्या आणि नंतर एकत्र करा. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण मी मिक्सिंगच्या टेबलावर बसून आयुष्य काढलं आहे, आणि माझ्या पोटापाण्याचा धंदा एका अर्थी त्या हट्टातून सुरू झाला. १९३१ च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये जेकिलचं रूप पालटतं तेव्हा हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्यासाठी त्याने जिन्यावर धावाधाव करून स्वतःच्याच छातीचे ठोके मुद्रित करून घेतले होते.

हा माणूस संगीतपट करायला बसला तेव्हा त्याच्याकडे गाणी लिहायला रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची गाजलेली जोडी होती.

आता तुम्ही पाहिलेली पहिली पंधरा मिनिटं माझ्यासोबत पुन्हा पाहा. पॅरिसची पहाट. घंटा वाजते. रस्ता रिकामा. एक मजूर येतो आणि कुदळ मारायला लागतो. धप्. थोडी शांतता. पुन्हा धप्. कुणीतरी उघड्यावर झोपलेला घोरतो, आणि घोरणं बरोबर दोन कुदळींच्या मधल्या जागेत पडतं. एक बाई पायरी झाडते, झाडूचा सपकारा तिसऱ्या जागी. मग दोन चांभार बाहेर येऊन टाचेत खिळे ठोकू लागतात, एकाआड एक. खिडक्या उघडतात, चादरी झटकल्या जातात. प्रत्येक आवाज आधी डोळ्यांना दाखवला आहे. चित्र पुढे सरकतं, पण तो आवाज कानात तसाच राहतो आणि त्याच्यावर पुढचा चढतो. दोन मिनिटांत अख्खा मोहल्ला एका लयीत वाजायला लागतो. मग कॅमेरा एका खिडकीतून आत जातो. भिंतीवर गवताची टोपी टांगलेली दिसते, आणि त्या टोपीचा मालक, शिंपी झालेला नट मोरीस शव्हालिए, ह्या गोंगाटाचंच गाणं करतो.

हे त्याला एकाएकी सुचलेलं नव्हतं. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला ‘पोर्गी’ हे नाटक बसवताना त्याने एका गरीब वस्तीची सकाळ अशीच झाडू, हातोडी, घोरणं यांच्या ठेक्यावर उभी केली होती. पण रंगमंचावर ते नटांच्या हातात असतं, नट ताल धरतो. चित्रपटात तो ठेका कातरीने, म्हणजे संकलनात, धरावा लागतो, आणि तेव्हा दोन-तीन आवाज एकत्र करायचे म्हणजे एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर उतरवायचे. दर उतरवण्याला खरखर वाढायची. त्यामुळे त्या दोन मिनिटांत एकही आवाज वायफळ नाही. आम्हा लोकांना आज दोनशे ट्रॅक मिळतात आणि आम्ही ते भरतो. मी ह्या प्रसंगाकडून जितकं शिकलो तितकं कुठल्या मॅन्युअलमधून शिकलो नाही.

एका शिबिरात मी हा प्रसंग आधी पडदा बंद ठेवून नुसता ऐकवला. मुलांनी वह्यांत आवाज लिहून घेतले. इचलकरंजीहून आलेला एक मुलगा शांत बसून होता, त्याने काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “सर, आमच्या गल्लीत सकाळी आधी एक माग चालू होतो. मग शेजारचा. मग सगळी गल्ली. आईला झोपेतसुद्धा कळतं, कुणाचा माग बंद पडला ते.” त्यानंतर मी चित्र लावलं. त्या मुलाला परीकथा दिसली नाही, त्याला घर दिसलं. पुढे त्याने स्वतःच्या गल्लीतली पहाट साध्या रेकॉर्डरवर मुद्रित करून आणली होती, चार मिनिटांची, आणि ती खरोखर सुंदर होती.

ह्यानंतर थोड्याच वेळात शिंप्याच्या दुकानातलं ‘इझन्ट इट रोमँटिक’ हे गाणं येतं. तुम्ही त्याच सुमारास बंद केलंत असं दिसतं. ते पूर्ण पाहा, कारण माझ्या मते बोलपटातल्या गाण्याने इथे पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर चालून दाखवलं.

लग्नाचा सूट घालून बघायला आलेलं एक गिऱ्हाईक आरशासमोर उभं आहे. मोरीस गायला लागतो. गिऱ्हाईक चाल उचलतं आणि गुणगुणत बाहेर पडतं. रस्त्यावर टॅक्सीवाला ती ऐकतो, त्याच्या तोंडी बसते. टॅक्सीतला उतारू संगीतकार निघतो, तो सूर कागदावर टिपून घेतो. तोच आगगाडीत बसतो. डब्यात सैनिक आहेत, त्यांच्या तोंडी ती चाल कवायतीचं गाणं होते. सैनिक रानातून गात चाललेले असताना एक जिप्सी ऐकतो आणि तळावर जाऊन व्हायोलिनवर वाजवतो. तळावरून ते सूर वाऱ्यावर गढीच्या सज्जापर्यंत येतात, आणि सज्जात उभी असलेली राजकन्या पुढची ओळ उचलते. नायक आणि नायिका अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. त्यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. पण त्यांचं युगुलगीत होऊन गेलं आहे. हे सगळं आधी संगीतात ठरल्याशिवाय कॅमेऱ्याने टिपणं शक्यच नव्हतं: कुठल्या ओळीला कोण, कुठल्या वाद्यावर, कुठल्या वेगात.

आता शब्दांबद्दल. शब्द कळत नाहीत अशी तुमची तक्रार आहे, आणि ह्या गाण्यात ते कळायलाच हवेत. पहिल्यांदा पाहताना इंग्रजी सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही. शिंपी त्याच्या कडव्यात म्हणतो की मला एक छान बायको मिळेल, मी बसून राहीन आणि ती फरशी पुसेल, माझी पाठ चोळून देईल. तीच चाल राजकन्येपर्यंत पोहोचते तेव्हा तिच्या स्वप्नात चिलखत घातलेला राजपुत्र घोड्यावरून येतो, तोही नुसता तिच्या हाताचं चुंबन घ्यायला. एकच चाल, प्रणयही एकच, आणि दोघांच्या कल्पनांत केवढी तफावत. हार्टने हे मुद्दाम लिहिलं आहे. पुढे हे गाणं स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं, त्यात शब्द बदलले आणि ते गोड प्रेमगीत झालं. नंतरच्या गायकांनी गायलेलं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. चित्रपटातलं मूळ गाणं त्याहून कितीतरी शहाणं आहे. फरशी पुसणाऱ्या बायकोची ओळ आज कानाला लागते, लागू दे. त्या शिंप्याच्या डोक्यात काय आहे ते तिथे कळतं, आणि शेवटच्या प्रसंगाला ती ओळ कामाला येते. त्याकडे मी शेवटी येतो.

नायिकेचा आवाज. जानेट मॅकडॉनल्डचा आवाज उंच पट्टीचा, माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी घडवलेला. तो माइकसमोर आला की काय होतं ते आमच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर वरच्या पट्टीचे सूर पुरते मावत नाहीत, त्यांची गोलाई कापली जाते आणि कड तेवढी उरते. आपल्या संगीत नाटकातल्या गायकनटांच्या जुन्या तबकड्या ऐकताना असंच होतं. पहिल्यांदा फक्त कड ऐकू येते, चार-पाचदा ऐकल्यावर कान मधली जागा स्वतः भरून काढतो. कानाला तेवढी मुभा द्या. दुसरं असं की मॅकडॉनल्डला विनोदाची उत्तम जाण होती. ‘लव्हर’ हे गाणं ती घोडागाडी हाकताना गाते, आणि प्रियकराला उद्देशून म्हटलेल्या ओळींमध्ये घोड्याला दिलेले हुकूम मिसळतात. प्रणयगीताच्या ऐन रंगात ती घोड्यावर ओरडते. शास्त्रशुद्ध आवाजात हा खोडसाळपणा आहे म्हणूनच तो जमतो. साधा आवाज असता तर गंमत निम्मी झाली असती. मग गाडी कलंडते, मोरीस येतो आणि ‘मिमी’ गातो. तो तिच्याकडे बघून गातो म्हणजे थेट भिंगात बघून गातो, आणि तीही भिंगातच बघते. प्रेक्षकाला आळीपाळीने दोघांच्या जागी उभं केलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गढी आपापल्या खोलीत तेच गाणं गुणगुणत असते, म्हातारा ड्यूकसुद्धा.

ह्या ड्यूकबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडे ती ऐकून लोकांचे डोळे चमकतात. हा नट सी. ऑब्री स्मिथ. १८८९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कर्णधार होता. कसोटी आयुष्यात एकच खेळला, आणि त्यात कर्णधार. पुढे हॉलिवूडमध्ये क्रिकेट क्लब काढला. इंग्लंडच्या माजी कर्णधाराला झोपायच्या कपड्यांत ‘मिमी’ म्हणताना बघणं हा वेगळाच आनंद आहे.

लाडेलाडे बोलण्याबद्दल. तुम्हाला जे लाडिक वाटलं ते पुष्कळ ठिकाणी पद्य आहे. पात्रं बोलता बोलता यमकात शिरतात, वाद्यं हळूच खाली सरकतात आणि बोलणं कधी गाणं झालं ते कळत नाही. पदाआधीचं गद्य कसं हळूहळू सुरावर चढतं, ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. शव्हालिएचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं आहे. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत पडला होता आणि तिथेच एका ब्रिटिश कैद्याकडून इंग्रजी शिकला. तो उच्चार पुढे त्याची ओळख झाला, आणि त्याने तो मुद्दाम जपला. काही ठिकाणी तो जरा जास्तच मिश्कील होतो, हे मीही मान्य करतो. पण गढीतली काउंटेस व्हॅलेंटाइन झालेली मर्ना लॉय बघा. तोवर तिला बहुतेक परदेशी मोहिनीच्या भूमिका मिळत. इथे तिला थोडीच वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य निशाण्यावर बसतं. राजकन्या बेशुद्ध पडते तेव्हा तिला विचारतात, डॉक्टरसाठी जाशील का? इंग्रजीत त्याच शब्दांचा दुसरा अर्थ ‘डॉक्टर आवडेल का?’ असाही होतो. तोच अर्थ धरून ती तत्परतेने म्हणते, हो, आण की आत. हे वाक्य ती विनोद म्हणून टाकत नाही. खरोखर डॉक्टरची वाट बघत असल्यासारखं म्हणते.

ह्याच व्हॅलेंटाइनमुळे चित्रपटातली एक जखम उघडी दिसते. १९३४ च्या मध्यापासून अमेरिकेत चित्रपटांची नैतिक नियमावली काटेकोरपणे लागू झाली. त्यानंतर जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्यांतला ‘आक्षेपार्ह’ भाग कापून टाकत. ह्याचीही अनेक मिनिटं गेली. ती मूळ निगेटिव्हमधून कापली गेली आणि आजवर सापडलेली नाहीत. सकाळच्या ‘मिमी’च्या प्रसंगात एकेक जण गातो आणि व्हॅलेंटाइन मात्र येत नाही. तिचा झोपायचा झगा फार पातळ होता, म्हणून तिचा तुकडा गेला. पाहताना कुठे गाण्याची लय एकदम तुटल्यासारखी वाटली तर तुमचं लक्ष गेलं नव्हतं असं समजू नका. तिथे खरोखर काहीतरी नाही.

आता जे आजही खटकायला हवं ते. जिप्सी तळ त्या काळच्या सगळ्या ठोकळ्यांसह आहे: शेकोटी, व्हायोलिन, गूढपणा. राजकन्येला तपासायला डॉक्टर येतो त्या प्रसंगाचा सगळा विनोद असा की बाई आजारी आहे कारण तिला नवरा नाही. मी विद्यार्थ्यांना हे कधी झाकून दाखवत नाही आणि त्यावर हसा असंही सांगत नाही. मोरीस राजकन्येच्या अंगाचं माप घेतो तो प्रसंग मात्र मला वेगळा वाटतो. तिचा घोडेस्वारीचा पोशाख वाईट बेतलाय हे त्याला सहन होत नाही, आणि तो नव्याने बेततो. त्याच्या हातात टेप आली की त्याचा लाघवीपणा गळून पडतो आणि कारागीर उरतो. आपलं काम येणाऱ्या माणसाकडे बघत राहावंसं वाटतं, तसं तिथे होतं. आणि ह्या कौशल्यामुळेच तो पकडला जातो. बॅरनला शिवणकाम कुठून येणार?

मग ‘तो तर नुसता शिंपी निघाला’ अशा अर्थाचं गाणं सुरू होतं. माझ्या दृष्टीने हा चित्रपटातला सगळ्यात धारदार भाग. ड्यूक चिडतो, आत्या चिडतात, ते ठीक. पण मग कारभारी चिडतो, खोली आवरणारी मोलकरीण चिडते, स्वयंपाकघर चिडतं, कपडे धुणारी चिडते. आपण एका शिंप्यापुढे वाकलो, त्याचे कपडे इस्त्री केले, हा नोकरांचा अपमान मालकांपेक्षा मोठा आहे. चाल उड्या मारणारी, आनंदी. त्या आनंदी चालीवर आख्खी उतरंड, वरपासून खालपर्यंत, एका माणसाला बाहेर ढकलते. सुरुवातीला एक गाणं माणसामाणसांतून जात दोघांना जोडत आलं होतं. इथे दुसरं गाणं तसंच खोलीखोलीतून जात त्यांना तोडतं. पहिल्यांदा पाहताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही प्रसंग एकामागोमाग ऐकवल्यावर ते ठळकपणे दिसतं.

हरणाच्या शिकारीचा प्रसंगही चुकवू नका. दमलेलं हरीण एका झोपडीत आसऱ्याला आहे. मोरीस शिकाऱ्यांना विनवतो की ते झोपलंय, आवाज न करता परत जा. आणि घोडे, कुत्री, स्वार, सगळे संथ गतीत तरंगत मागे फिरतात. गती कमी करण्याची क्लृप्ती प्रेमासाठी किंवा मरणासाठी वापरलेली आपण हजारदा पाहिली आहे. इथे ती पाय न वाजवता चालण्यासाठी आहे.

पाहण्याच्या सोयीबद्दल काही कामाच्या गोष्टी. चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. त्या राहू द्या. एका महाविद्यालयात मला बोलावलं होतं तेव्हा तिथल्यांनी ‘पडदा भरावा’ म्हणून चित्र ताणून लावलं. शव्हालिए रुंद चेहऱ्याचा आणि राजकन्या बुटकी दिसत होती, आणि मी थांबवेपर्यंत सुरुवातीची लय हातातून गेली होती. टीव्हीमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते ती बंद करा, तिने कातरीचा ठोका बोथट होतो. ध्वनी एकाच वाहिनीचा आहे, म्हणून सराउंड बंद ठेवा. घरात समोर ठेवलेला एक बरा स्पीकर असेल तर तोच वापरा. हेडफोनवर हा आवाज डोक्याच्या मधोमध येऊन बसतो आणि थकवतो. मागची बारीक खरखर चालायचीच. ती नाहीशी करणारी यंत्रणा लावली की झाडूचा सपकाराही तिच्यासोबत जातो.

पुष्कळ जण मला विचारतात की आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं. त्याच १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांचा. आपण तेव्हा बोलायला नुकतंच शिकत होतो, आणि गाण्यांचा वारसा थेट संगीत नाटकातून येत होता. पण पाचच वर्षांत शांतारामबापूंनी १९३७ चा ‘कुंकू’ पार्श्वसंगीताशिवाय केला. दृश्यात जे वाजतं, जे आपटतं, जे टिकटिकतं तेवढंच ऐकू येतं. तो विनोदी प्रणयपट नाही, उलट फार कडक चित्रपट आहे. पण आसपासच्या वस्तूंचा आवाज म्हणजेच संगीत, हा विचार तिथेही तितक्याच ठामपणे केलेला आहे. ‘लव्ह मी टुनाइट’नंतर आठवड्याभरात ‘कुंकू’ पाहून बघा. तुमचे कान आधीच तयार झालेले असतील.

आणखी पाहायचं असेल तर मागे जा. एर्न्स्ट लुबिचच्या १९३० च्या ‘मॉन्टे कार्लो’मध्ये हीच मॅकडॉनल्ड आगगाडीच्या खिडकीतून गाते. इंजिनाची शिटी आणि चाकांचा खडखडाट यांतूनच गाण्याचा ठेका उगवतो, आणि शेतातली माणसं साथ देतात. मामुलियनचं फिरतं गाणं ह्या आगगाडीला पुष्कळ देणं लागतं. फ्रान्सचा दिग्दर्शक रने क्लेर त्याच सुमारास स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचला होता. त्याचा १९३१ चा ‘ल मिल्याँ’ पाहा, हरवलेल्या लॉटरीच्या तिकिटामागची धावपळ आहे. मला तो मामुलियनच्या चित्रपटापेक्षा हलका आणि काही ठिकाणी सरस वाटतो, पण माझा जीव मामुलियनवर आहे.

शेवटाचं सांगतो म्हटलं होतं. हाकलून दिलेला मोरीस आगगाडीने पॅरिसला निघतो. राजकन्येला चूक कळते. ती घोड्यावर बसते आणि गाडीमागे सुटते. इथे मामुलियन चाकं, टापा, इंजिनाचा दट्ट्या आणि तिचा चेहरा यांचे तुकडे असे जोडतो की सुरुवातीच्या कुदळीचा ठेका दसपटीने परत आल्यासारखा वाटतो. गाडी थांबत नाही. मग ती गाडीच्या पुढे जाते, घोड्यावरून उतरते आणि रुळांवर पाय रोवून उभी राहते. सज्जात उभं राहून जिने गायलं होतं की कुणीतरी चिलखत घालून घोड्यावरून येईल, तीच आता घोड्यावरून आली आहे. आणि बायको फरशी पुसेल म्हणणारा शिंपी डब्यात बसून आहे, कुणालातरी येऊन त्याची गाडी थांबवावी लागते आहे. इकडे गढीत तीन आत्या इतका वेळ विणत बसलेलं भरतकाम शेवटी उलगडून दाखवतात, त्यावर जुन्या चालीचा सरदार आणि राजकुमारी आहेत. पुन्हा लावलात की ह्या भरतकामाकडे नीट बघा, आणि रुळांवर उभी राहताना ती हात कुठे ठेवते तेही.